टोरेया आणि त्याची बुरशी: वाचकांच्या शंका

प्रश्न: फ्लोरिडातला टोरेया वृक्ष बुरशीमुळे नामशेष होतोय म्हणे. बुरशी हीसुद्धा वनस्पतीच ना?

नाही. शाळेत दोन्ही एकाच तासाला शिकवतात, तिथून हा घोळ सुरू होतो. टोरेया सूचिपर्णी आहे, हरितद्रव्याच्या जोरावर स्वतःचं अन्न बनवतो. बुरशी बाहेर पाचक रस सोडून विरघळलेलं अन्न शोषते. झाडाच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या, बुरशीच्या मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनच्या. उत्क्रांतीच्या वंशावळीत तर बुरशी झाडांपेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जास्त जवळची.

प्रश्न: मग एवढीशी बुरशी पंधरा-वीस मीटर उंचीच्या वृक्षाला भारी कशी पडते?

आकाराला इथे महत्त्व नाही, पिढ्यांच्या वेगाला आहे. या बुरशीचे, म्हणजे फ्युजेरियम टोरेयीचे, बीजाणू काही दिवसांत तयार होतात. टोरेयाला बी धरायच्या वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, त्यात नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी. बुरशी सालीखाली पसरते, खोडावर व्रण पडतात आणि वरचा भाग वाळतो. मुळं मात्र बऱ्याचदा जगतात. बुंध्यातून नवे धुमारे येतात, थोडे वाढतात, की पुन्हा व्रण! झाड वर्षानुवर्षं जिवंत राहतं, पण वयात येत नाही. बीच धरलं नाही तर पुढची पिढी येणार कुठून? जंगलात उरलेली बहुतेक झाडं आज माणसाच्या उंचीच्या आसपासच आहेत.

प्रश्न: बुरशीनाशक फवारलं तर?

बागेतल्या एखाद्या झाडापुरतं ठीक. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला नदीकाठच्या घळींमध्ये विखुरलेल्या झाडांना कोण, किती वेळा फवारणार? आणि सालीखालच्या बुरशीपर्यंत ते पोचायलाही हवं.

प्रश्न: सगळा दोष बुरशीचाच का?

सगळा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही झाडं झपाट्याने ढासळली आणि 1984 मध्ये अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. बुरशीला नाव मिळालं ते थेट 2013 मध्ये. हरणं शिंगं घासून कोवळी खोडं सोलतात. 2018 च्या मायकेल चक्रीवादळाने वरच्या मोठ्या झाडांची सावली मोडली. तरी मुख्य आरोपी मी बुरशीलाच मानतो: निरोगी रोपांना तिचा संसर्ग दिला की तेच व्रण उठतात.

प्रश्न: उत्तरेकडे थंड भागात झाडं नेली तर वाचतील?

2008 मध्ये स्वयंसेवकांनी नॉर्थ कॅरोलायनात रोपं लावलीच. हेतू चांगला, पण मला धास्ती वाटते. रोपांबरोबर बुरशीही प्रवास करू शकते, आणि प्रयोगांत तिने इतर सूचिपर्णी झाडांनाही बाधा केली आहे.

प्रश्न: बिया बँकेत का ठेवत नाहीत?

टोरेयाचं बी वाळवलं की मरतं, त्यामुळे नेहमीच्या बीजपेढीत ते टिकत नाही. म्हणून अटलांटाच्या वनस्पती उद्यानात कलमांपासून वाढवलेली जिवंत झाडं सांभाळावी लागतात. बुरशीचं तसं नाही. तिचा नमुना संग्रहालयातल्या छोट्या नळीत गोठवून वर्षानुवर्षं ठेवता येतो.