युद्ध चालू असताना एल्ब्रुसला जावं का?

रशियातल्या एल्ब्रुस शिखराची (5642 मीटर) चढाई युक्रेन युद्धामुळे पुढे ढकलावी का, असं विचारलंय. डोंगर आघाडीपासून लांब आहे, खरी कटकट वाटेतली. एल्ब्रुसला जाताना जिथे उतरतात तो मिनेरालनिये वोदीचा विमानतळ ड्रोनच्या धास्तीनं मध्येच बंद होतो, म्हणून शिखरासाठीच नव्हे, परतीसाठीही दोन दिवस राखून ठेवा. आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड तिथे 2022 पासून चालत नाही. डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या. मोबाइल इंटरनेटही अधूनमधून गुल होतं, नकाशे इथूनच उतरवून घ्या. आणि विम्याच्या कागदात ‘युद्ध’ हा शब्द शोधाच, बहुतेकदा तिथेच कंपनीनं हात वर केलेले असतात. मी असतो तर ऑगस्टचं तिकीट काढलं असतं, पण पैसे परत मिळणारं.