इंडियन रोड्स काँग्रेसच्या नव्या सभासदास

तुम्ही इंडियन रोड्स काँग्रेसचे सभासद झालात याचा मनापासून आनंद झाला. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९३४ साली ही संस्था स्थापन झाली आणि आज देशभरातले रस्ते व पूल तिच्याच संहितांच्या आधारे आखले जातात. मात्र संहिता हाताशी आहे म्हणून आपली जमीन पाहण्याचे काम टळत नाही. डांबरी रस्त्याच्या थरांविषयीची संस्थेची संहिता आयआरसी ३७ वाचताना, मातीची भार पेलण्याची ताकद मोजणाऱ्या सीबीआर चाचणीसाठी मातीचा नमुना ४ दिवस पाण्यात का भिजवतात, हे गोव्यातल्या फोंड्याची जांभी माती आणि दिवाडी बेटावरच्या खाजनालगतचा (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल शेतजमिनीलगतचा) गाळ शेजारी ठेवून स्वतः तपासा.

पाण्याच्या निचऱ्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो. वार्षिक पाऊस १,००० मिलिमीटरहून अधिक असल्यास डांबरी पृष्ठास २.५ टक्के आडवा उतार द्यावा, असे दुपदरी महामार्गांची नियमपुस्तिका सांगते, आणि गोव्यात तर याच्या सुमारे तिप्पट पाऊस पडतो. तरीही रुंदीकरणात बाजूचे गटार बुजवल्यामुळे चतुर्थीपूर्वीच उखडलेले रस्ते मी पाहिले आहेत आणि त्याचे आजही वाईट वाटते. संहितेची हातातील प्रत कोणत्या वर्षाची आहे व नंतर तिच्यात कोणत्या दुरुस्त्या झाल्या, हे अंदाजपत्रकाला हात घालण्यापूर्वी अवश्य पाहा.