लेखनिक व्हायचंय? आधी वाचक व्हा

काका, निवृत्त झाल्याझाल्या अंध मुलांचा पेपर लिहायला निघालात, छान. पण जरा थांबा. केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमावलीत परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खालचं असावं, अशी अट होती. आपण पडलो एम.कॉम.! बारावीच्या मुलाला आपण काय कामाचे? नियम बदलतात, म्हणून त्या-त्या परीक्षेचे ताजे नियम विचारून घ्या.

या मुलांना धडे वाचून द्यायला मात्र पदवी आडवी येत नाही. मोबाइलवर धडा रेकॉर्ड करायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा. पंखा बंद, कुकर चढवायच्या आधी. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तीन शिट्ट्या आहेत. ऐकणारी पोरगी म्हणाली, "आजी, भात झाला का?"

नाट्यमय वाचू नका. नवा शब्द आला की स्पेलिंग सांगा. आकृती, तक्ता गाळू नका. "डावीकडच्या रकान्यात वर्षं, उजवीकडे उत्पादन" असं बोलून दाखवा. आपण तिथेच कंटाळतो आणि मार्क नेमके तिथले जातात.

आठवड्याला दोनच तास कबूल करा. परीक्षेच्या तोंडावर "गुडघा दुखतोय" म्हणायची वेळ आणू नका. आणि हो, कवळी घट्ट बसवून घ्या. 'श' आणि 'स' चा घोळ होतो!