ओर्विएतोला एकटीनं जायचं असेल तर रात्र वर गावातच काढा

तुम्ही विचारलंय की इटलीत रोमहून फ्लोरेन्सला जाताना मध्ये ओर्विएतो या कड्यावर वसलेल्या गावी उतरावं का, पहिल्यांदा पाहताना काय वाटतं, आणि एकट्या बाईला तिथे संध्याकाळी अवघडल्यासारखं होतं का. जरूर उतरा. मीही एकटीच गेले होते. जमलं तर मुक्काम करा, आणि तो खाली स्टेशनजवळ न करता वर जुन्या गावात करा.

रोमहून साधी गाडी साधारण सव्वा-दीड तासात पोचवते. स्टेशनबाहेर आलात की गावाआधी नजरेत भरतो तो कडा. पिवळसर-तांबूस, चारी बाजूंनी सरळ तुटलेला. ज्वालामुखीची राख साचून, घट्ट होऊन हा खडक झालाय. तिकडे त्याला तूफो म्हणतात. वरची घरंही त्याच दगडाची, त्याच रंगाची. त्यामुळे कडा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते चटकन कळत नाही. माझ्या मनावर पहिला ठसा उमटला तो याचाच, आणि पुढे जे जे पाहिलं ते त्याच धाग्यात ओवलं गेलं.

सामानाची काळजी करू नका. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे, वर जाते, काही मिनिटांत. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येताना खालच्याला वर ओढायचा. आता विजेवर चालते.

वर उतरलात की बहुतेक लोक थेट कॅथेड्रलकडे धावतात. तुम्ही आधी जवळच असलेली सान पात्रिझिओची विहीर पाहा. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैनिकांनी रोम लुटलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. गावाला वेढा पडला तर पाण्याचं काय, ही त्याची चिंता. हा खडक सच्छिद्र आहे, पाणी वर टिकत नाही, पाझरत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातं. म्हणून आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराने सुमारे 53 मीटर खोल विहीर खोदवली. काम संपलं 1537 मध्ये, तोवर क्लेमेंट हयात नव्हता. विहिरीच्या भोवती दोन गोल जिने फिरतात, प्रत्येकी 248 पायऱ्या, आणि ते वाटेत कुठेच एकमेकांना मिळत नाहीत. रिकामी पखाल घेऊन उतरणारं खेचर एका जिन्याने जायचं, तळाच्या छोट्या पुलावरून वळून भरल्या पाण्यासह दुसऱ्याने वर यायचं. समोरासमोर गाठ पडायची नाही, खोळंबा नाही. आतल्या भिंतीला 70 खिडक्या आहेत. उजेड त्यातूनच येतो आणि उतरता उतरता मंदावत जातो. पायऱ्या रुंद, उतरत्या, जनावराच्या पावलाला सोयीच्या. आपल्याकडच्या बारवा पाहत वाढलेल्या माणसाला ही विहीर कुणी समजावून सांगावी लागत नाही. तळाशी मला अनोळखी देशात असल्याचं जाणवलंच नाही.

दुसरी गोष्ट चुकवू नका ती गावाखालची भुयारं. कॅथेड्रलच्या चौकातून मार्गदर्शकासोबत नेतात. गावाखाली अशा बाराशेच्या आसपास पोकळ्या आहेत. रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी खोदलेल्या विहिरी माणूस जेमतेम उतरेल इतक्या अरुंद, आणि समोरासमोरच्या भिंतींत पाय रोवायला खोबणी. पुढच्या काळात लोकांनी दगड काढला, तेलाचे घाणे बसवले, आणि भिंतींत ओळीने चौकोनी कोनाडे कोरून कबुतरं पाळली, खाण्यासाठी. कबुतरं कड्यातल्या झरोक्यांतून बाहेर जाऊन चरून परतायची. म्हणजे घर वर, आणि त्याचं कोठार, पाणी, अन्न त्याच घराच्या पोटात. मात्र ही पोखरण आणि पायाशी असलेली चिकणमाती यांनी कडा कमकुवतही झाला. 1970 च्या दशकात दरडी कोसळल्या, नंतर सरकारला सगळा कडा बांधून काढावा लागला.

कॅथेड्रलची पायाभरणी 1290 ची. बाजूच्या भिंतींवर काळ्या बेसाल्टचे आणि फिक्या दगडाचे आडवे पट्टे आहेत. दर्शनी भाग मात्र सोनेरी मोझेकचा, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांचा. संध्याकाळचं ऊन थेट त्यावर पडतं, म्हणून तेव्हाच जा. मोझेकपेक्षा खालच्या चार खांबांवरचं कोरीवकाम मला जास्त भावलं, बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या शेवटी होणाऱ्या अंतिम न्यायापर्यंत. आत लुका सिन्योरेल्लीने 1499 ते 1504 दरम्यान रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. जमिनीतून वर येणारी मृत माणसं, काहींची अजून नुसती हाडं. तिथे वेळ हाताशी ठेवून जा.

आता तुमचा एकटेपणाचा प्रश्न. दुपारी रोमहून आलेल्या सहलींची गर्दी असते आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला जास्त एकटं वाटलं. संध्याकाळी त्या बसगाड्या परततात आणि कोर्सो काव्होर या मुख्य रस्त्यावर गावकरी फिरायला निघतात. आजीआजोबा, पोरंटोरं, कुत्री, सगळे ठरल्यासारखे. त्यांच्यात मिसळून चालत राहायचं. कोणी निरखत नाही. मला कुठेही भीती वाटली नाही. रात्री गल्ल्या शांत होतात, पण दिवे असतात. एकटीसाठी टेबल मागताना संकोच करू नका. फक्त दुपारी उशिरा स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही, तेव्हा पिशवीत काही खाऊ ठेवा. शाकाहारी असाल तर उंब्रिकेल्ली मागवा: नुसतं पीठ आणि पाणी मळून हाताने वळलेला जाड पास्ता, अंड्याशिवाय. टोमॅटोची किंवा ट्रफलची (जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळंबी) निवडा, आणि मांस नाही ना, ते विचारून घ्या.

सकाळी वेळ उरला तर कड्याच्या पायथ्याची एट्रुस्कन दफनभूमी पाहा. दगडी खोल्यांची सरळ गल्ली आहे, दारावरच्या पट्टीवर त्या त्या घराण्याचं नाव कोरलेलं. तिकडच्या पायवाटेसाठी चांगले बूट लागतात, चपला नकोत. मोठी बॅग तेवढा वेळ मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवू द्या म्हणून सांगा.