दादाच्या लग्नातला सूट मुलाखतीला चालेल का?

मी वयाने बराच मोठा आहे, म्हणून तुला सरळ अरेतुरे करतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: राजापूरजवळचं गाव, बीकॉम झालंय, तीन आठवड्यांनी मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एका खाजगी बँकेत समोरासमोर मुलाखत, पत्रात ‘फॉर्मल’ लिहिलंय, हातात नऊ हजार रुपये, आणि कपाटात दादाचा लग्नातला सूट. निळा, चमकणारा, कॉलरला काळं सॅटिन. तो घालू का, की नवा घेऊ? आणि घेतला तर तयार घेऊ की शिवून?

आधी माझा अधिकार काय ते सांगतो. वडिलांचं चिपळूणला शिवणकामाचं दुकान होतं. शाळेतून आलो की काज करायला आणि कच्चे टाके उसवायला बसायचो. पुढे नोकरीत बारा-तेरा वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो. त्यामुळे सूट टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत.

दादाचा सूट नको. दादाचा म्हणून नाही, अंगाला बसत असता तर दुसऱ्याचा कोट घालण्यात काहीच कमीपणा नाही. पण सॅटिनची कॉलर हा रिसेप्शनचा कपडा आहे. तू ताळेबंदाबद्दल बोलत असशील आणि समोरच्याला स्टेजवरचं सिंहासन आठवत असेल. कॉलर बदलून घेऊ म्हणशील, तर मूळ कापडाचा तोच ताका मिळायला हवा, आणि मिळाला तरी चमक राहतेच.

काळाही नको. काळा सूट कुठेही चालतो असं दुकानदार सांगतो, कारण त्याच्याकडे तोच जास्त असतो. आपल्याकडे काळा कोट म्हणजे वकील नाहीतर टीसी. दादरला उतरशील आणि कोणीतरी तिकीट पुढे करेल. गडद निळा किंवा कोळशासारखा करडा घे. साधा, रेघा-चौकड्या नसलेला, चमक नसलेला. दोन बटणं, कॉलरला नेहमीची खाच, मागे एक किंवा दोन चिरा. वेस्टकोट नको, खिशात रुमालाचं फूल नको.

आता तयार की शिवलेला. नऊ हजारांत तयार सूट मिळतो, पण त्यातले बरेचसे पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे असतात आणि आतली छाती गोंदाने चिकटवलेली असते. कोटाच्या पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये आकार धरणारा एक थर असतो. जुन्या पद्धतीत तो लोकर आणि घोड्याच्या केसांच्या कॅनव्हासचा असायचा आणि हाताने टाके घालून बसवायचे. आता बहुतेक ठिकाणी गोंद लावलेलं बकरम, म्हणजे कडक कापड, गरम दाबाने चिकटवतात. यात फसवणूक काही नाही, स्वस्त पडतं म्हणून करतात. फक्त ओल आणि उष्णता यांच्याशी त्या गोंदाचं फारसं जमत नाही. बकरम सुटलं की छातीवर आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात, आणि ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी पुराने चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा आमच्या दुकानात गिऱ्हाइकांचे दहा-बारा कोट टांगलेले होते. चिखलाने सगळेच गेले. पण पाणी उतरल्यावर ते धुऊन दोरीवर टाकले तेव्हा बघण्यासारखं होतं. चिकटवलेल्या कोटांच्या छात्या पापडासारख्या फुगल्या होत्या. वडिलांनी स्वतः कॅनव्हास घालून शिवलेले दोन जुने कोट आटले होते, रंग गेला होता, पण छातीचा आकार तसाच. वडील त्या दोरीसमोर बराच वेळ उभे होते, बोलले काहीच नाहीत.

अर्थात तुझ्या पैशांत हाताचा कॅनव्हास बसणार नाही. त्याची आशाही धरू नकोस. चांगल्या मास्तराने नीट दाबून चिकटवलेला कोट तुला काही वर्षं पुरेल. मुद्दा एवढाच की हे माहीत असू दे आणि तो कोट कोकणातल्या कपाटात कोंडू नकोस. त्यावर खाली येतो.

मी शिवून घे म्हणेन. कारण वेळ. एरवी तीन आठवडे म्हटलं तर कुठलाही मास्तर हसेल. पण आत्ता जुलै आहे. लग्नसराई मेमध्ये संपली, शाळेचे गणवेश जूनमध्ये उरकले, गणपतीची गर्दी अजून यायची आहे. वर्षात आमच्या धंद्याला उसंत मिळते ती याच दिवसांत. राजापूर, लांजा, रत्नागिरी, जिथे ओळख असेल तिथे जा. फक्त कोट शिवणारा मास्तर वेगळा आणि शर्ट-पँट शिवणारा वेगळा, हे विचारून घे. ‘मागच्या महिन्यात शिवलेला एखादा कोट दाखवा’ म्हण. दाखवायला आढेवेढे घेतले तर चहा पिऊन बाहेर पड.

नऊपैकी निम्म्याहून अधिक पैसे शिलाईला गेले तरी जाऊ देत. लोक उलट करतात. नावाजलेल्या कंपनीचं महागडं कापड घेतात आणि शिलाईला घासाघीस करतात. साधं कापड चांगल्या बेताचं, म्हणजे अंगाबरहुकूम कापून शिवलेलं, असलं तर खपून जातं. भारी कापडाचा बेत चुकला तर ते जास्तच डोळ्यांत येतं.

कापड घेताना 58 इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, तीन मीटर सांग, उंच असशील तर सव्वातीन. ‘टेरीवूल’ माग, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर यांचं मिश्रण. लोकर म्हटल्यावर घाम फुटला असेल तुला. पण पातळ लोकरी कापड निव्वळ पॉलिएस्टरपेक्षा कमी उकडतं, कारण लोकर घामाची वाफ शोषते आणि पॉलिएस्टर जवळजवळ शोषतच नाही. वजन विचार. चौरस मीटरला 240 ते 270 ग्रॅमच्या आसपासचं आपल्या हवेत वापरता येतं. खूप पातळ घेशील तर बसल्या बसल्या चुरगळेल. ‘सुपर 100’, ‘सुपर 120’ हे आकडे लोकरीचा धागा किती बारीक ते सांगतात, टिकाऊपणा नाही. आकडा जितका मोठा तितका धागा नाजूक. मिश्र कापडाच्या किनारीवर हा आकडा मोठ्या अक्षरात विणलेला दिसला तर त्याला भुलू नकोस, लोकर किती टक्के ते विचार.

दुकानदाराच्या बोलण्यावर विश्वास नसेल तर कडेचे दोन धागे ओढून घे आणि बाहेर येऊन काडी लाव. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. टेरीवूलमध्ये दोन्ही थोडं थोडं दिसेल. वास आलाच नाही तर लोकर नुसती नावाला आहे. लिनन मात्र घेऊ नकोस, कितीही गार वाटलं तरी. राजापूर रोडहून निघालेलं लिनन पनवेलपर्यंत केळीच्या वाळल्या पानासारखं होतं.

माप देताना मास्तराला दोन गोष्टी आवर्जून सांग. पाठीला अर्धंच अस्तर ठेवा, पूर्ण अस्तराने पाठ शिजते. आणि खांद्यात भर कमीत कमी घाला.

खांद्यावर जरा थांबतो, कारण सगळं तिथेच ठरतं. कंबर आत घेता येते, बाही कमी करता येते, पँटची शिवण उसवून इंचभर सोडताही येते. खांदा चुकला की बाह्या काढून कोट नव्याने बसवावा लागतो, आणि त्याला कोणी तयार होत नाही. ट्रायलच्या दिवशी भिंतीला एका बाजूने, दंड लावून उभा राहा. दंडाच्या आधी कोटाचा खांदा भिंतीला लागला तर तो मोठा आहे. खांद्याच्या शिवणीखाली दंडावर खळगा पडत असेल तरी मोठाच. दंड बाहीला आतून फुगवत असेल तर लहान. मग आरशाकडे पाठ कर आणि कोणाला तरी बघायला सांग: शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यात मानेमागे फट आहे का? फट असेल तर तिथेच सांग, नंतर ते ‘अंगावर बसेल हो’ म्हणतात. ते बसत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. वरचं बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या सुरकुत्या नकोत. हात खाली सोडलास की बाही मनगटाच्या हाडाशी संपावी आणि अर्धा इंच शर्ट दिसावा. कोटाने बैठक झाकावी. पँट बुटावर एकदाच हलकी मोडावी, घोट्यावर ढीग नको आणि मोजे दाखवणारी आखूड फॅशनही बँकेत नको. ट्रायलला जाताना मुलाखतीचाच शर्ट आणि तेच बूट घाल. चपलेवर घेतलेलं पँटचं माप बुटावर कधीच जुळत नाही.

शर्ट पांढरा, सुती, पूर्ण बाह्यांचा. आत बनियन घाल, घाम तिथेच जिरतो. टाय एकरंगी, टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत. बूट काळे, नाडीचे, आणि पट्टा त्याच रंगाचा. बुटाला नव्याने पैसे उरले नाहीत तर जुने पॉलिश करून घे, मात्र कॉलेजचे स्पोर्ट शूज नकोत. मोजे गडद आणि लांब.

आता प्रवास. माझी पहिली मुलाखत कोकण रेल्वे पूर्ण व्हायच्या आधीची. मामाचा कोट मागून आणला, अंगात घालूनच रात्रीच्या एसटीत बसलो आणि सकाळी परळला उतरून थेट कचेरीत गेलो. कोट वर्षभर पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत होता. तिसऱ्या प्रश्नाला साहेबांनी उठून खिडकी उघडली. मी उत्तरं बरी दिली होती असं मला अजून वाटतं. पण ती खिडकी उघडल्यावर मला स्वतःच्या वासाशिवाय दुसरं काही सुचेना, आणि नोकरी काही लागली नाही.

तेव्हा कोट अंगात घालून प्रवास करू नकोस. तुतारी आणि कोकणकन्या या रात्रीच्या गाड्या आहेत, पण मुलाखतीच्या दिवशी सकाळी पोहोचणारी पकडू नकोस, त्याच्या आदल्या दिवशीची पकड. पावसाळी वेळापत्रकात गाड्या तशाही हळू चालतात, आणि 2024 च्या जुलैत याच मार्गावर खेडजवळच्या दिवाणखवटीपाशी दरड आली तेव्हा दिवसभर मार्ग बंद होता. राजापूरच्या माणसाचं डोंबिवली, दिवा, भांडुप यांपैकी एका ठिकाणी तरी घर असतंच. तिथे एक रात्र काढ.

कोट न्यायचा असा: एक खांदा उलटा करायचा, त्यात दुसरा खांदा बसवायचा, म्हणजे अस्तर बाहेर येतं. मग उभा दुमडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवायचा. पोहोचल्यावर लगेच हँगरला लावून पंख्याखाली ठेव. इस्त्री लागलीच तर वर ओलसर सुती रुमाल टाकून फिरव, नाहीतर टेरीवूलवर चकाकी येते आणि ती जात नाही. बूट पिशवीत, पायात पावसाळी सँडल. बीकेसीत साहेबी इमारती आहेत, पण पाऊस तिथेही गुडघ्यापर्यंत असतो. इमारतीत शिरल्यावर बूट बदल, छत्री दारातल्या माणसाकडे दे.

नोकरी लागल्यावर, किंवा न लागताही, कोट प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवू नकोस. सुती पिशवीत, रुंद हँगरला, कपाटाच्या मागच्या भिंतीपासून दूर. आपल्याकडे ऑगस्टपर्यंत कॉलरच्या मागे पांढरी बुरशी धरतेच. धरली तर ओल्या फडक्याने चोळू नकोस, उन्हाची तिरीप मिळेल तेव्हा वाळवून मऊ ब्रशने झटक.

आणि सूट हातात आला की घरात घाल. दोन-दोन तास, तीन-चार दिवस. पोहे खा, जिना चढ-उतर, खुर्चीत बस. बसताना बटण काढायचं, उठताना लावायचं, हे हाताला आपोआप जमेपर्यंत. खालचं बटण कधीच लावायचं नाही. घरातले हसतील, हसू देत. टेबलापलीकडे बसून मी जे पाहिलं त्यात वाईट सूटवाल्यांपेक्षा अवघडलेली मुलं जास्त होती. सारखी बाही ओढणारी, टायला हात लावणारी. कोट अंगात असल्याचं ती अर्धा तास विसरू शकत नव्हती, मग प्रश्न काय ऐकणार?

निघायच्या आधी एकच काम आईला सांग. नव्या कोटाच्या मागच्या चिरेवर फुलीसारखा कच्चा टाका असतो आणि बाहेरचे खिसेही पुष्कळदा शिवून बंद केलेले असतात. चिरेवरचा टाका कापायचा, खिसे तसेच राहू द्यायचे, म्हणजे हात आत जात नाहीत आणि कोट लोंबत नाही. हा टाका पाठीवर असतो, घालणाऱ्याला दिसत नाही. आम्हाला मात्र मुलगा उठून दाराकडे निघाला की दिसायचा.