सोलापुरात घरच्या टाकीतले क्लाउनफिश अंडी घालतात, पण पिल्लं का निघत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की टाकी १०० लिटरची आहे, मार्चपासून क्लाउनफिशच्या (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांच्या) जोडीनं चार वेळा अंडी घातली आणि दर वेळी ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी गायब झाली. नवी जोडी पहिल्या दोन-तीन खेपांना बऱ्याचदा अंडी खाते. चौथ्यांदाही तेच झालं, तर मात्र मी जोडी बदलण्याआधी टाकी तपासेन. पापुआ न्यू गिनीच्या किंबे बेटाजवळ क्लाउनफिशच्या कित्येक पिढ्यांची वंशावळ मांडली गेली. तिथंही कुणाची पिल्लं जगली हे वंशावरून फारसं ठरलं नाही. मासा कोणत्या ॲनिमोनमध्ये (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) राहतो, यावर बरंच ठरलं.

आधी अंड्यांचा रंग बघा. ताजी अंडी केशरी असतात, मग काळपट होतात आणि शेवटी चंदेरी डोळे दिसतात. २७ अंशांना हे सगळं साधारण ७-८ दिवसांत होतं. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात. नर ती वेचून खातो, आणि खराब अंडी जास्त असली की सगळीच फस्त करतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो, त्यामुळे पहिला संशय पाण्याच्या तापमानावर घ्या. ते २६ ते २८ अंशांत हवं. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, महाग पडतो. पण सोलापूरची हवा कोरडी आहे, इथं पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखासुद्धा २-३ अंश सहज उतरवतो. पावसाळ्यात तेवढा गुण येत नाही.

पंख्याची खोड अशी की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. लिटरला ३५ ग्रॅम क्षारतेच्या १०० लिटरमधून ६ लिटर उडालं की क्षारता ३७च्या पुढे जाते. तुम्ही दोन-तीन दिवस गावाला गेलात तरी एवढं होऊ शकतं. म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तेवढंच आरओचं पाणी घाला. भर घालायला मिठाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच.

गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. नर अंड्यांना पंखांनी वारा घालतो तो त्यासाठीच. दुपारी लाइट गेली की पंप बंद पडतो आणि एका दुपारीत अख्खी खेप हातची जाऊ शकते. बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवाच.

अंडी आठवडाभर टिकली आणि डोळे चंदेरी झाले, तरी पिल्लं निघाली नाहीत, तर झीरोचा बल्ब बंद करा. ती अंधार पडल्यावरच फुटतात. ऑस्ट्रेलियातल्या २०१९च्या प्रयोगात, रात्री दिव्याचा उजेड मिळालेल्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. टाकीच्या चारही बाजूंनी चादर सोडा (सोलापुरात चादरीला काय तोटा!), वरची बाजू मात्र हवेसाठी उघडी ठेवा.

आणि त्या रात्रीआधी रोटिफर (पिल्लांचं पहिलं खाद्य असलेले पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) वाढवून तयार ठेवा. नुकत्या निघालेल्या पिल्लांच्या तोंडात आर्टेमिया (माशांना घालतात ते कोळंबीसारखे बारीक जीव) मावत नाही.