कीबोर्ड केस घेतली म्हणजे लॅपटॉप नको का?

ताई, नमस्कार.

मुलगी अर्थशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, घरात दहा इंची टॅबलेट आहे आणि "कीबोर्ड केस घेऊन दे, मग लॅपटॉप नको" असं ती म्हणते. तिचं ऐकावं का, असं तुम्ही विचारलंत.

अर्धं ऐका. केस, म्हणजे कीबोर्ड असलेलं टॅबलेटचं कव्हर, जरूर घ्या. "मग लॅपटॉप नको" हे मात्र आत्ताच कबूल करू नका.

केस घ्या म्हणते, कारण काचेवर टाइप करताना निम्मा स्क्रीन कीबोर्डच खातो. आधीचा परिच्छेद दिसत नाही आणि लिखाण तुटक होतं. खरी बटणं असली की एफ आणि जे वरचे बारीक उंचवटे बोटांना लागतात, खाली न बघता दहा बोटांनी टाइप करता येतं. पहिल्याच वर्षी हा हात बसला तर पुढे प्रकल्प अहवाल लिहिताना तिचा किती वेळ वाचेल!

पण माप बघून घ्या. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांत 19 मिमी अंतर असतं आणि अक्षरांचा भाग साधारण 28 सेंमी रुंद असतो. दहा इंची टॅबलेट आडवा धरला तरी जेमतेम 25 सेंमी भरतो. मग कडेची बटणं, विशेषतः उजवीकडची विरामचिन्हं, चिंचोळी होतात. आठ इंचीवर तर बोटं एकमेकांत अडकतात. घेण्याआधी तिला त्याच केसवर पानभर मजकूर टाइप करू द्या.

आणखी एक. माझ्यासमोर बसून एका विद्यार्थिनीने अशी केस मांडीवर उघडली आणि टॅबलेट लगेच मागे कलंडला. लॅपटॉपचं वजन खालच्या भागात असतं, इथे ते सगळं स्क्रीनमध्ये. म्हणजे टेबल हवंच. आणि टेबलावरही स्क्रीन खालीच राहतो, मान वाकते. तासन्‌तास लिहायचं असेल तर स्टँड आणि सुटा ब्लूटूथ कीबोर्ड मला जास्त बरा वाटतो. ब्लूटूथचा कीबोर्ड वेगळा चार्ज करावा लागतो. पिनांनी टॅबलेटला जोडला जाणारा टॅबलेटचीच बॅटरी वापरतो. जड केस लावली की एकूण वजन किलोभर होतं, पातळ लॅपटॉपच्या जवळपास. पेनाने नोट्स काढायच्या असतील तर कीबोर्ड सहज सुटा होणारीच केस बघा.

आता तिच्या विषयाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. कीबोर्ड लावला तरी आतली प्रणाली टॅबलेटचीच राहते. एक्सेलचं आयपॅड किंवा अँड्रॉइडवरचं ॲप तक्ते उघडतं, पण त्यात मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करून देणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत. अर्थशास्त्रात वापरलं जाणारं स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर अशा टॅबलेटवर इन्स्टॉल होत नाही. आकडेवारीसाठीच वापरलं जाणारं 'आर' (R) ब्राउझरमधून चालवता येतं, पण इंटरनेट गेलं की काम थांबलं. तुमचा टॅबलेट विंडोजचा असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर ही सॉफ्टवेअर बसतात.

म्हणून तिला विभागात जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला कोणतं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतं का, हे विचारायला सांगा. स्टाटा लागणार असेल आणि लॅबची सोय नसेल, तर केस साधीच घ्या आणि उरलेले पैसे आत्तापासून लॅपटॉपसाठी बाजूला ठेवा.